ओल्या पोटाची टिटवी

"रविवारी नवरे घरात असतात असं मी ऐकून आहे," प्रेमकुंवर म्हणाली आणि तिनं पुऱ्यांचा डबा जरा आपटूनच ओट्यावर ठेवला.

जळगावातल्या त्या घरात दर रविवारी पहाटे साडेपाचला हे बोलणं व्हायचंच. निर्मलकुमारचा फोटो स्टुडिओ होता. आठवडाभर तो लग्नातल्या वधूवरांना "मान जरा डावीकडे" म्हणायचा आणि रविवार उजाडला की स्कूटरला कॅमेऱ्याची पिशवी अडकवून पाखरांमागं पळायचा. तुमच्याआमच्या घरांतही असा एखादा छंदिष्ट असतोच. त्याचा छंद चांगला असतो, चारचौघांत त्याचं कौतुकही होतं, म्हणून घरच्यांना धड रागावताही येत नाही.

"शनिवारी स्पर्धेची शेवटची तारीख आहे," निर्मलकुमार बुटाची नाडी बांधत म्हणाला. "मुंबईला फोटो पोचायला पोस्टाचे दोन दिवस तरी धर. आज नाही मिळाला तर संपलं."

"मागच्या वर्षीही असंच म्हणाला होतात."

"मागच्या वर्षी उत्तेजनार्थ मिळालं. उत्तेजनार्थ!" हा शब्द त्याच्या तोंडात वर्षभर कडू झाला होता. "या वेळी असा फोटो आणतो की बघत राहतील."

प्रेमकुंवरनं पुढं वाद घातला नाही. तिनं उकळून गार केलेलं पाणी दुहेरी फडक्यातून गाळलं, बाटलीत भरलं आणि सांगितलं, "सूर्यास्ताच्या आत या. नाहीतर उपाशी झोपाल." घर जैन आचाराचं होतं. दिवे लागल्यावर अन्न नाही, न गाळलेलं पाणी नाही, आणि अंगणात मुंग्यांची रांग लागली तर तिला वळसा घालून जायचं. निर्मलकुमारही हे सगळं मनापासून पाळायचा, त्यात ढोंग नव्हतं. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही त्याला दुष्ट समजणार नाही. तो दुष्ट नव्हता, आणि म्हणूनच ही गोष्ट सांगण्यासारखी आहे.

एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीचा एप्रिल होता. पारोळ्याच्या अलीकडं करंजखेड्याचा तलाव आहे. दोनच वर्षांपूर्वी तो पक्ष्यांसाठी राखीव झाला होता आणि 'शिकार करण्यास सक्त मनाई' असा हिरवा फलक बांधावर लागला होता. होळी झाली की थंडीतले पाहुणे पक्षी उत्तरेकडं निघून जातात आणि घरचे पक्षी संसाराला लागतात. पाणी मागं हटतं, मोकळ्या झालेल्या गाळावर आसपासची माणसं डांगर-टरबुजाचे वेल लावतात. अशाच एका टरबुजाच्या वाफ्याच्या कडेला, बारक्या खड्यांच्या खळग्यात, टिटवीनं चार अंडी घातली होती.

टिटवी काही दुर्मीळ पक्षी नाही. पण भर उन्हात ती एक गोष्ट करते, ती फार थोड्यांनी पाहिलेली असते. पाण्यात जाऊन ती पोटाची पिसं भिजवते, थेंब गाळत पळत येते आणि ओल्या पोटानं अंड्यांवर बसते, म्हणजे अंडी भाजत नाहीत. ओल्या पोटाची टिटवी अंड्यांवर टेकतानाचा फोटो निर्मलकुमारला हवा होता. असा फोटो त्यानं कुठंच पाहिला नव्हता.

तो तलावावर पोचला तेव्हा आठ वाजले होते. टिटवी अंड्यांवर होती. त्यानं तासभर दुरून पाहिलं, जागा हेरली, उजेड कुठून येईल त्याचा हिशेब केला.

लपण कशी लावायची याचा नियम त्याला तोंडपाठ होता. बांबूच्या चार काठ्या आणि हिरवं कापड, यांची ती राहुटी. पहिल्या दिवशी ती पन्नास पावलांवर उभी करायची आणि निघून जायचं. दुसऱ्या दिवशी तीस पावलांवर आणायची. असं करत तीन-चार दिवसांत जवळ सरकवायची, म्हणजे पक्ष्याला तिची सवय होते. हे तो जिल्ह्यातल्या शाळांमधून मुलांना सांगत असे, कारण जळगावच्या पक्षीमित्र मंडळाचा तो चिटणीस होता. पण त्याच्याकडं चार दिवस नव्हते, एकच रविवार होता. दहा वाजता त्यानं लपण थेट आठ पावलांवर ठोकली. टिटवी ओरडत उठली आणि डोक्यावर घिरट्या घालू लागली.

आणि जाता जाता त्यानं आणखी एक गोष्ट केली. टरबुजाच्या वेलाचा एक शेंडा अंड्यांवर झुकला होता. त्याची तीन-चार रुंद पानं चौकटीत आडवी येत होती. त्यानं खिशातून दोरा काढला, वेल अलगद उचलला आणि मागं काटकीला बांधून टाकला. पान तोडलं नाही, हं! झाडाला इजा नको, एवढी काळजी त्यानं घेतली. चारही अंडी आता स्वच्छ दिसू लागली, मातकट अंगावर काळे ठिपके. तो लपणीत शिरला, स्टुलावर बसला आणि वाट पाहू लागला.

सव्वादहाला टिटवी पाण्यापाशी उतरली. साडेदहाला ती पोट भिजवून वीस पावलांवर आली आणि थांबली. पोटाखालून थेंब गळत होते. एक पाय उचललेला, मान ताठ, नजर लपणीवर. थेंब गळून संपले, पिसं वाळली, ती पुन्हा पाण्याकडं पळाली. तिचा नर बांधाच्या बाजूला एकसारखा ओरडत होता.

"ये गं बाई, ये," निर्मलकुमार पुटपुटला. त्याच्या कपाळावरचा घाम डोळ्यात उतरत होता. त्याला माहीत नव्हतं का, की उघडी अंडी या उन्हात किती वेळ तग धरतील? माहीत होतं. घड्याळ त्याच्या हातावर होतं. त्यानं मनाशी ठरवलं, पाच मिनिटं थांबू, नाही आली तर उठू. पाच मिनिटं झाली तेव्हा ती पंधरा पावलांवर होती, मग आता कसं उठायचं? आणखी पाच.

अकराला पाच मिनिटं कमी असताना ती आली. ओली, थेंब गाळत, अंड्यांवर येऊन उभी राहिली. चोच उघडी, गुडघे वाकू लागलेले. निर्मलकुमारनं बटण दाबलं. खटॅक्. त्या शांततेत तो आवाज केवढा तरी मोठा वाटला. टिटवी दचकली, त्यानं आणखी दोनदा बटण दाबलं आणि ती उडाली.

मिळाला! असा फोटो त्यानं जन्मात काढला नव्हता, शपथ घेऊन सांगता आलं असतं. तेव्हाच तो उठला असता तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण ती उभी होती, बसली नव्हती. बसलेली मिळाली असती तर पहिला नंबर कुठं जात नव्हता. तो पुन्हा लेन्सला डोळा लावून बसला. बांधावरच्या बाभळीवर तोवर दोन कावळे येऊन बसले होते.

"भाऊ, हाई काय करी ऱ्हायनात तुम्ही?"

आवाज मागून आला. हा वाफा जिचा होता ती लिलाबाई डोक्यावर घागर घेऊन उभी होती. पन्नाशी उलटलेली, काटक बाई. करंजखेड्याच्या बौद्ध वस्तीतली. उन्हाळ्यात गाळावर टरबूज लावायची, बाकी वर्षभर मजुरी करायची. निर्मलकुमारला ती ओळखत होती, पाखरं बघणारे भाऊ म्हणून.

"हळू बोला, अक्का," तो आतून कुजबुजला. "ती येईल आता."

"कव्हय पासून वाट दखी ऱ्हायनात?"

"झाला सव्वा तास."

लिलाबाईनं घागर खाली ठेवली. मागं बांधलेल्या वेलाकडं तिची नजर गेली, मग अंड्यांकडं, आणि तिचा चेहराच बदलला.

"वेल मी बांधला," निर्मलकुमार घाईनं म्हणाला. "तोडलेला नाही. जाताना सोडतो."

"येलनं काही नही भाऊ. तो येल मीच तठे वळाडा व्हता, दुपारनी सावली पडाले पाहिजे म्हनीसन." ती लपणीच्या तोंडाशी आली. "जरा बाहेर या."

"अक्का, पाचच मिनिटं..."

"बाहेर या म्हनस ना मी."

तो बाहेर आला. सावलीतून उन्हात येताच त्याचे डोळे मिटले. लिलाबाईनं त्याला अंड्यांपासून दोन हातांवर बसवलं.

"हात ठेवा खाले. खडासवर. आते दहा मोजा."

त्यानं तळवा खड्यांवर ठेवला. एक, दोन, तीन. चारला त्यानं दात आवळले. सहाला हात आपोआप वर उचलला गेला. तळवा लाल झाला होता.

"तुम्ही सव्वा तास सावलीमा बसेल शेतस," लिलाबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून तो जास्त लागला. "ती उन्हमा उभी शे. नि अंडा ह्या खडासवर शेतस. त्यासले पाय नहीत उठीसन जावाले."

निर्मलकुमारनं तळवा दुसऱ्या हातात धरला.

"ती कसाले ओली व्हईसन येस, माहीत शे का तुमले?"

"माहीत आहे, अक्का."

"माहीत शे?" ती क्षणभर त्याच्याकडं बघतच राहिली. "मंग माले सांगता येवाव नही. मी समजू, भाऊले माहीत नही व्हई."

याच्याइतकं लागेल असं कुणी त्याला कधी बोललं नव्हतं. पण लिलाबाई तेवढ्यावर थांबली नाही. "पारोळाले शेठना घर मी वीस वरीस धान्य निवडं. तुम्हनाकडे किडामुंगीना जीव जपतस, हाई मी मन्हा डोयाखाल दखेल शे. धान्यमा सोंडा निंघना तरी मालकीन म्हने, लिला, त्याले सावलीमा ठेव. मंग भाऊ, ह्या चार जीव कोनता हिशोबमा नहीत?"

"अक्का, मी मारायला नाही आलो. मी फोटो काढायला आलो. लोकांनी हे बघितलं तर पक्ष्यांवर माया करतील."

"लोके माया करतीन. नि हाई?" तिनं बोट अंड्यांकडं केलं. "काल सांजले मी आठे वाकेल व्हतू. चारी अंडासमाईन आवाज ई ऱ्हायंता."

निर्मलकुमार झटकन वाकला. डावीकडच्या अंड्यावर, रुंद बाजूला, चांदणीसारखी बारीक चीर होती. आत पिल्लू होतं. पुरतं वाढलेलं, आज-उद्या बाहेर येणारं. त्यानं कान जवळ नेला. टिटव्या ओरडत होत्या, कावळे ओरडत होते, आणि अंड्यातून काही ऐकू येतं की नाही ते त्याला कळेना. मग आलं. अगदी बारीक, एकदाच.

आपण एक तास कुणाशी झुंज घेत होतो? त्या बाईशी, जी पोट भिजवून आपल्या लेकरांकडं यायला धडपडत होती! त्यानं दोरा सोडायला हात घातला, पण गाठ सुटेना. बोटं घामानं ओली झाली होती. शेवटी त्यानं दातांनी दोरा तोडला आणि वेल पुन्हा अंड्यांवर पसरला. लिलाबाईनं घागरीतलं पाणी ओंजळीनं आजूबाजूच्या खड्यांवर शिंपडलं, अंड्यांवर थेंब पडू दिला नाही. दोघांनी मिळून लपण उपटली आणि झपाझप बांधाकडं निघाले.

तेवढ्यात बांधावर जीप येऊन थांबली.

निर्मलकुमारच्या लक्षात आलं आणि तो जागीच थिजला. धुळ्याच्या कॅमेरा क्लबला त्यानंच पत्र लिहिलं होतं. 'रविवारी बारापर्यंत या, टिटवी अंड्यांवर बसताना दाखवतो.' मंडळी अर्धा तास आधीच आली होती. सात माणसं, सात कॅमेरे. पुढं रुपचंदजी, क्लबचे अध्यक्ष. निर्मलकुमारच्या कॅमेऱ्यावर चढवलेली ती लांब लेन्स त्यांचीच होती, त्यांनी विश्वासानं वापरायला दिलेली.

"काय निर्मल, लपण काढलीस? आम्हाला कुठं बसवणार?"

"रुपचंदजी, आज नको. परत जाऊ या."

"परत? चाळीस किलोमीटर आलोय."

"अंडी तापली आहेत. पिल्लं फुटायला आली आहेत. तिला बसू द्यायला हवं, आत्ताच्या आत्ता."

"अरे, पाच मिनिटांचा तर प्रश्न आहे," रुपचंदजी समजुतीच्या सुरात म्हणाले. "एकेकानं एकेक फोटो घेतला की निघालो."

पाच मिनिटं! हे शब्द निर्मलकुमारनं सकाळपासून किती वेळा मनात म्हटले होते! तो बांधाच्या उतारावर आडवा उभा राहिला.

मागचा एक तरुण हसला. "चिटणीससाहेब, तुमचा फोटो झाला असेल ना काढून? मग आम्हालाच का ज्ञान?"

"झाला," निर्मलकुमार म्हणाला.

लिलाबाई बाजूला उभी राहून ऐकत होती. खाली टिटवी पुन्हा पाण्यात शिरली होती. ती येईल, पण बांधावरची ही सात माणसं उतारावरून खाली आली तर ती येणार नाही. त्यांना थांबवण्याचा हक्क आपल्याला कुठून आला, हे निर्मलकुमारला त्या क्षणी समजेना. हक्क नव्हताच. तो मिळवायला हवा होता.

त्यानं कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं. आतला रोल बोटानं धरून ओढला. वीतभर, हातभर, सगळा. भर उन्हात ती काळपट पट्टी लोंबू लागली, उजेड लागून तिच्यावरचे सगळे फोटो गेले.

"अरे!" रुपचंदजींच्या तोंडून निघालं.

"तिन्ही फोटो यातच होते," निर्मलकुमार म्हणाला. "लपण मी एका दमात आठ पावलांवर लावली. सावलीचा वेल बांधून टाकला. सव्वा तास तिला बाहेर उभं केलं. शाळाशाळांत जाऊन मी मुलांना हे करू नका म्हणून सांगतो, आणि मीच केलं. मला हसा, बोला, लेन्स काढून घ्या. पण खाली कुणी उतरू नका. हात जोडतो."

रुपचंदजींनी एकदा त्या फिल्मकडं पाहिलं, एकदा खाली. मग त्यांनी गळ्यातला कॅमेरा काढून पिशवीत ठेवला आणि चेन लावली. "चला रे," ते म्हणाले, "जीपच्या पलीकडं बसू."

नऊ माणसं बांधाच्या दुसऱ्या उतारावर बाभळीच्या विरळ सावलीत बसली. बाभळीवरचे कावळे माणसं येताच उडाले होते. दुर्बीण एकच, ती निर्मलकुमारच्या हातात; तेवढं डोकं बांधाच्या वर काढून तो बघत होता. पाच मिनिटं गेली. दहा गेली. "आली का?" रुपचंदजींनी विचारलं. नाही आली. ती पाण्याच्या काठावर उभी होती, मान इकडून तिकडं वळवत. रागावली असेल, घाबरली असेल, कदाचित अंडी सोडून जाईल. पक्षी सोडून जातात, हे त्याला ठाऊक होतं. बाटलीतलं गाळलेलं पाणी त्यानं तोंडापाशी नेलं, पण काही त्याच्यानं पिववेना.

बाराव्या मिनिटाला ती पाण्यात बसली. पोट भिजवलं. पळत आली, वेलाच्या शेंड्यापाशी थांबली, चारी दिशांना पाहिलं आणि पानांखाली शिरून बसली.

"बसली," निर्मलकुमार म्हणाला आणि दुर्बीण त्यानं लिलाबाईच्या हातात दिली. त्याच्यानं पुढं बघवेना. डोळे भरून आले होते आणि ते लपवायला त्याच्यापाशी आता कापडाची राहुटी नव्हती.

बुधवारी स्टुडिओ बंद ठेवून तो पुन्हा करंजखेड्याला गेला. या वेळी प्रेमकुंवरनंच त्याला पाठवलं होतं. रविवारचं सगळं ऐकून ती एवढंच म्हणाली होती, "जाऊन बघून या, नाहीतर झोप लागणार नाही. तुम्हालाही आणि मलाही."

लिलाबाई वाफ्यावरच होती. तिनं त्याला दुरूनच हात केला आणि पाण्याच्या काठाकडं बोट दाखवलं. टिटवी चालत होती आणि तिच्या मागं पिल्लं धावत होती, बोटभर पायांवर. एक, दोन, तीन.

त्यानं पुन्हा मोजली. तीनच.

"चौथं?"

लिलाबाईनं त्याला खळग्यापाशी नेलं. वेलाच्या पानाखाली एक अंडं तसंच पडलं होतं. त्यावर चांदणीसारखी चीर होती. चीर होती तेवढीच राहिली होती.

"अक्का," तो म्हणाला, "हे माझ्यामुळं?"

लिलाबाईला त्याचं मन राखता आलं असतं. निसर्गात असं चालतंच, असं म्हणता आलं असतं. पण ती खोटं बोलणारी बाई नव्हती. "माले काय माहीत, भाऊ," ती म्हणाली. "ऐतवारले चारी जित्ता व्हतात, इतलंच माले माहीत शे."

पुढच्याच महिन्यात जळगावच्या पक्षीमित्र मंडळानं आणि धुळ्याच्या क्लबनं मिळून ठराव केला की घरट्यातल्या पक्ष्याचा, अंड्यांचा, पिल्लांचा फोटो कुठल्याही स्पर्धेला पाठवायचा नाही. ठराव निर्मलकुमारनं मांडला, अनुमोदन रुपचंदजींनी दिलं. विणीच्या दिवसांत कुणाला खाली जाऊ द्यायचं नि कुणाला नाही, हे लिलाबाईनं ठरवायचं, असंही त्यात लिहिलं. बैठकीला तिला बोलावलं होतं. ती आली, पुढच्या खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "बठ्ठा जन दखाले या, पन दूर बसा."

मित्रहो, पाखरं बघायला जरूर जा. मुलाबाळांना घेऊन जा. ती बघितल्यावाचून त्यांच्यावर माया जडत नाही, हे निर्मलकुमारचं म्हणणं खोटं नाही. पण ज्याच्यावर माया आहे असं आपण म्हणतो, त्याला आपल्यापायी उन्हात उभं राहावं लागत असेल, तर ती माया नव्हे, आपली हौस आहे. बंदूक न उचलताही जीव जातो. नुसतं जवळ जाऊन बसल्यानंही जातो. आणि हे आपल्याला ठाऊक नसतं असंही नाही. ठाऊक असतं, फक्त आपण आणखी पाच मिनिटं मागून घेतो.

निर्मलकुमार अजूनही शाळांमधून जातो. पूर्वी तो रंगीत चित्रं दाखवून सुरुवात करायचा. आता मुलं बसली की तो हात मागं बांधतो आणि पहिलं वाक्य म्हणतो, "चार अंडी होती, मुलांनो, आणि पिल्लं तीन निघाली." मग चौथ्याचं काय झालं, असं कुणीतरी विचारतंच. आणि तो, प्रत्येक शाळेत, खरं तेच सांगतो.